बेकार पोरांनी घडवलेले डोंगर : व्हर्जिनियातल्या सीसीसी छावण्यांच्या मागावर

शुक्रवार : कॅम्प रूझवेल्ट

मेमोरियल डेची जोडून सुटी आली की वॉशिंग्टनच्या आसपासची पुष्कळ माणसं शेनंडोआ नॅशनल पार्क गाठतात आणि स्कायलाइन ड्राइव्हवर गाड्यांची रांग लागते. आम्ही पहिल्या दिवशी तो रस्ता मुद्दाम टाळला. ल्युरे गाव ओलांडलं, शेनंडोआ नदीवरचा पूल पार केला आणि पार्कच्या समोरच्या बाजूला असलेला मॅसनटन डोंगर चढायला लागलो. घाटमाथ्यावरच्या ईडिथ गॅपमधून पलीकडे उतरलं की जंगलात कॅम्प रूझवेल्ट लागतं. मला तिथूनच सुरुवात करायची होती, कारण मंदीच्या काळात बेकार तरुणांना डोंगर-जंगलांच्या कामावर घेणारी सरकारी योजना, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर म्हणजे सीसीसी, हिची अमेरिकेतली पहिली छावणी इथे पडली. तारीख १७ एप्रिल १९३३.

बाबा बरोबर होते, हे या सहलीचं खरं निमित्त. त्यांची सगळी नोकरी मृदसंधारणात गेली. बहात्तरच्या दुष्काळात नुकतेच खात्यात लागले होते, तेव्हा आटपाडीकडच्या कामांवर त्यांची नेमणूक झाली होती. नाला बांध, समतल चर, पाझर तलाव हे शब्द आमच्या घरात भाजीपाल्याइतके रोजचे. इथे आल्यापासून मी त्यांना सीसीसीबद्दल सांगत होते. त्यांचं एकच म्हणणं होतं, "तू सांगू नकोस, काम दाखव."

आज इथे एक छोटं कॅम्पग्राउंड आहे, सहलीची टेबलं आहेत, माहितीचे फलक आहेत आणि झाडीत जुन्या इमारतींचे चौथरे. आमच्याबरोबर आलेला निनाद गाडी लावेपर्यंत बाबा एका चौथऱ्याची लांबी पावलांनी मोजून आलेसुद्धा. एका छावणीत साधारण दोनशे पोरं असत. सुरुवातीला तंबू, मग लाकडी बराकी, भोजनगृह, दवाखाना, शाळेची खोली. पहिल्या वर्षी अंगावर पहिल्या महायुद्धातून उरलेले लष्करी कपडे.

फलकावर तारखा वाचताना बाबा थबकले आणि पुन्हा मागे जाऊन वाचू लागले. मला त्यांचं नवल वाटलं नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी शपथ घेतली, तेव्हा देशातल्या जवळजवळ दर चार कामकरी माणसांमागे एक बेकार होता. ३१ मार्चला या योजनेच्या कायद्यावर सही झाली. ५ एप्रिलला अध्यक्षांचा आदेश निघाला आणि रॉबर्ट फेकनर संचालक झाले. पुढच्या बारा दिवसांत या डोंगरात तंबू लागले. जुलै संपायच्या आत देशभर तेराशेच्या वर छावण्या आणि पावणेतीन लाखांच्या आसपास पोरं.

"इतक्या लवकर? माणसं कोणी निवडली? शिधा कोणी पोचवला?" बाबांचे प्रश्न खात्यातल्या माणसाचे होते, आणि उत्तरही खात्यांमध्येच आहे. कामगार खात्याने पोरं निवडली. लष्कराने त्यांना आणलं, खाऊ घातलं, छावण्या चालवल्या, कारण एवढ्या माणसांची ने-आण करण्याची यंत्रणा दुसऱ्या कोणाकडे नव्हतीच. काम काय करायचं ते शेती खातं आणि अंतर्गत खातं ठरवणार. वनखातं आणि राष्ट्रीय उद्यानं या दोघांच्या हाताखाली. फेकनर स्वतः यंत्रकामगारांच्या संघटनेचे पुढारी. इतक्या कमी पैशात सरकारने माणसं राबवली तर सगळ्यांचीच मजुरी घसरेल, अशी कामगार संघटनांची भीती होती. त्यांच्यातलाच माणूस वर बसवून रूझवेल्ट यांनी ती शमवली. लष्कराच्या हातात तरुण पोरं देऊ नका, असंही म्हणणारे होते. म्हणून छावणीत शिस्त लष्करी असली तरी बंदुकीची कवायत नव्हती.

पैसे महिन्याला ३० डॉलर. त्यातले २५ थेट घरी जायचे, पोराच्या हातात उरायचे पाच. वय १८ ते २५, अविवाहित, बेकार, घर अडचणीत असलेला. सहा महिन्यांची भरती, नंतर वाढवता यायची. कुटुंबाला जगवायची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. पोरगा डोंगरात पोटभर जेवतो, घरातलं एक खाणारं तोंड कमी होतं, आणि वर पंचवीस डॉलर घरी येतात.

संध्याकाळी ल्युरेला मुक्काम. जवळच्या प्रसिद्ध गुहा बघायचा निनादचा आग्रह होता, पण तिकिटाची रांग बघून त्यानेच बेत सोडला.

शनिवार : स्कायलाइन ड्राइव्ह

सकाळी थॉर्नटन गॅपमधून पार्कमध्ये शिरलो आणि दक्षिणेकडे वळलो. लगेचच मेरीज रॉकचा बोगदा लागतो, अखंड खडकातून सहाशेपेक्षा जास्त फूट फोडलेला. बोगदा सीसीसीने खोदला असं पुष्कळ लोक सांगतात, आणि सबंध रस्ताही त्यांनीच बांधला असंही. तसं नाही. रस्त्याचं काम हर्बर्ट हूवर अध्यक्ष असताना, १९३१ मध्ये सुरू झालं, दुष्काळ निवारणाचा पैसा वापरून. बोगदा १९३२ चा, म्हणजे सीसीसीच्या आधीचा. सुरुंग, खोदाई, डांबर हे ठेकेदारांचं काम. रस्त्याची पूर्ण लांबी १०५ मैल, म्हणजे १६९ किलोमीटर.

मग सीसीसीने काय केलं? गाडीतून दिसतं ते बाकीचं सगळं. ठेकेदार पुढे गेल्यावर मागे उरलेल्या, सुरुंगांनी उघड्या पडलेल्या दरडी. त्यांना उतार देणं, माती पसरणं, गवत लावणं, झाडंझुडपं लावणं. दरीच्या कडेच्या दगडी भिंती. गाडी थांबवून दरी बघायच्या जागा. सहलीची मैदानं, पाण्याची सोय, टेलिफोनच्या तारा, वणवा विझवायला जाण्याच्या वाटा. या रस्त्याने अपलाचियन ट्रेलची जुनी वाट बऱ्याच ठिकाणी गिळली होती, तर ती पायवाट बाजूला हलवून नव्याने बांधणंही त्यांच्याच वाट्याला आलं.

पहिल्या थांब्यावर बाबा दरीकडे पाठ करून उभे राहिले. सगळे दरीचे फोटो काढत होते आणि हे रस्त्याच्या वरच्या बाजूचा उतार न्याहाळत होते.

"हा उतार हाताने केलाय," ते म्हणाले. "वरची कड बघ. तिला गोलाई दिलीय. नाहीतर पहिल्या पावसात वरची माती घसरून खाली रस्त्यावर येते. आणि पायथ्याला चर. पाण्याला वाट दिली की दरड थांबते."

मी निदान वीसदा या रस्त्याने गेले असेन, पण रस्त्याची ती बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. त्यानंतर दिवसभर आम्ही उलट्या दिशेला बघत प्रवास केला. भिंतींपाशी बाबा जास्तच रेंगाळले. मूळ भिंती सुक्या रचाईच्या होत्या, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय दगडावर दगड बसवलेल्या. गाड्यांचा वेग आणि वजन वाढल्यावर पुष्कळ भिंती सिमेंट घालून नव्याने उभ्या केल्या, पण दर्शनी रूप तेच ठेवलं. हातात कधी छिन्नी न धरलेल्या पोरांना हे कोणी शिकवलं, असं बाबांनी विचारलं. त्याची एक चांगली योजना होती. जवळपासच्या गावांतले जाणते सुतार, गवंडी, लाकूडतोडे 'स्थानिक अनुभवी माणसं' म्हणून पगारावर घ्यायचे आणि पोरांच्या टोळ्या त्यांच्या हाताखाली द्यायच्या. आपला रोजगार बाहेरची पोरं घेऊन जातात, ही गावकऱ्यांची तक्रारही त्यामुळे मिटली.

दुपारी पिनॅकल्सच्या सहलीच्या मैदानावर डबे उघडले. धपाटे आणि दही. हे मैदानही सीसीसीचं. ओंडक्यांचं आणि दगडांचं बांधकाम, बसकी छपरं, रानाच्या रंगात मिसळून जाणारं. या सगळ्यात एक लाकूड पुन्हा पुन्हा भेटतं, चेस्टनटचं. आशियातून आलेली एक बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा आढळली आणि पुढच्या काही दशकांत तिने पूर्व अमेरिकेतलं जवळपास सगळं चेस्टनट मारलं. सीसीसी आली तेव्हा या डोंगरांत वाळून पांढरे पडलेले खोड उभे होते. वणव्याला ते आयतं सरपण, म्हणून ते तोडायचं काम पोरांना लावलं. पण चेस्टनट मेल्यावरही सहजी कुजत नाही. मग त्याच लाकडाचे खांब, कठडे, छपरावरच्या फळ्या, भिंतींचे ओंडके झाले. बिग मेडोज लॉजच्या दिवाणखान्यात चेस्टनटच्या फळ्या आजही आहेत. आता तसं लाकूड मिळणार नाही, कारण तशी झाडंच उरलेली नाहीत.

माउंटन लॉरेलच्या कळ्या नुकत्या फुटत होत्या. रस्त्याकडेला दिसणाऱ्या या झुडपांतली कितीतरी सीसीसीच्या रोपवाटिकांतून येऊन लावलेल्यांची वंशज. 'अस्पर्श निसर्ग' म्हणून जे डोळे भरून बघायला लोक येतात, त्यात माणसाच्या हाताचं केवढं काम आहे! देशभरात सीसीसीने नऊ वर्षांत सुमारे तीन अब्ज झाडं लावली.

मुक्काम बिग मेडोजला.

रविवार : बिग मेडोज आणि लुइस माउंटन

इथला दिवस सगळ्यात भरलेला गेला.

राष्ट्रीय उद्यानांमधल्या अगदी पहिल्या छावण्या १९३३ च्या मे महिन्यात इथे, स्कायलँड आणि बिग मेडोजला पडल्या. १२ ऑगस्टला रूझवेल्ट स्वतः बिग मेडोजला आले आणि पोरांबरोबर पंगतीला बसून जेवले. बेत होता स्टेक, कुस्करलेले बटाटे, घेवड्याच्या शेंगा, सॅलड आणि ॲपल पाय. पोरांची वजनं किती वाढली त्याचं अध्यक्षांनी जाहीर कौतुक केलं. आज वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटते; पण भरतीला आलेल्यांपैकी किती जण उपाशी, खंगलेले होते हे लक्षात घेतलं की कळतं, वजनाचा काटा हाच त्या योजनेचा पहिला निकाल होता. तीन वर्षांनी, ३ जुलै १९३६ रोजी, रूझवेल्ट पुन्हा इथेच आले आणि पार्कचं लोकार्पण झालं.

बर्ड व्हिजिटर सेंटरच्या बाहेर सीसीसीच्या कामगाराचा पुतळा आहे. उघड्या अंगाचा, हातात कुऱ्हाड धरलेला तरुण. आतलं प्रदर्शन मात्र नुसता गौरव करून थांबत नाही, आणि त्यासाठी मी पार्कचे आभार मानते. कारण हे डोंगर रिकामे नव्हते.

पार्कसाठी जमीन मिळवायला व्हर्जिनिया राज्याने १९२८ मध्ये सरसकट संपादनाचा कायदा केला आणि पुढे पावणेदोन लाखांहून अधिक एकर जमीन केंद्राच्या स्वाधीन केली. दऱ्याखोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी सुमारे पाचशे कुटुंबं उठली. काहींच्या नावावर जमीन होती, त्यांना मोबदला मिळाला. जे दुसऱ्याच्या जमिनीवर कसून खात होते त्यांना तोही नाही. काही कुटुंबांना सरकारी वसाहतींत घरं दिली. मेलँक्थन क्लायझर नावाच्या गृहस्थांचा थॉर्नटन गॅपजवळ हायवेवर पेट्रोल पंप आणि खाणावळ होती. त्यांनी पैसे नाकारले, जागा सोडली नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये शेरीफच्या माणसांनी त्यांना बेड्या घालून नेलं, आणि ते राष्ट्रगीत म्हणत गेले. कालच आम्ही तिथून गाडी हाकत आलो होतो.

रिकामी झालेली घरं मोडायला आणि जाळायला सीसीसीचीच पोरं लावली होती. हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकू शकले नाही. घरी पंचवीस डॉलर पोचावेत म्हणून आलेला पोरगा दुसऱ्या गरिबाच्या घराची छप्परं उतरवतोय. त्याला दोष देता येत नाही, आणि झालेलं पुसताही येत नाही. भिंतींचं कौतुक करताना हे सांगायचं टाळलं तर ते कौतुक अपुरं आहे, असं मला मनापासून वाटतं. काही म्हाताऱ्या माणसांना मरेपर्यंत राहण्याची मुभा दिली होती. त्यांतल्या शेवटच्या ॲनी शेंक १९७९ मध्ये वारल्या, वयाच्या ९२ व्या वर्षी.

बाबा गप्प होते. प्रकल्पग्रस्तांच्या गावांत त्यांनी नोकरी काढलेली आहे. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मोबदला जमिनीचा मोजतात गं. वहिवाटीचा कोणी मोजत नाही."

जेवणानंतर सहा-सात मैल पुढे लुइस माउंटनला गेलो. छोटं, शांत कॅम्पग्राउंड, काही केबिन. १९३९ मध्ये ही जागा उघडली ती फक्त काळ्या पाहुण्यांसाठी, तशी पाटी लावून. पार्क केंद्र सरकारचा, पण व्हर्जिनियाची वर्णभेदाची रीत त्याने पाळली. १९५० पर्यंत ती पूर्ण मोडली. सीसीसीचीही तीच कथा. अमेरिकेच्या संसदेतले, म्हणजे काँग्रेसमधले तेव्हाचे एकमेव काळे सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांनी मूळ कायद्यातच वंश, वर्ण, धर्म यांवरून भेद करू नये असं कलम घालून घेतलं होतं. तरीही १९३५ मध्ये फेकनर यांनी छावण्या वेगळ्या करण्याचा हुकूम काढला. दोन लाखांहून अधिक काळ्या तरुणांनी सीसीसीत काम केलं, बहुतेकांनी वेगळ्या छावण्यांत. याच राज्यात यॉर्कटाउनच्या ऐतिहासिक रणभूमीचं पुष्कळ काम काळ्या कंपन्यांनी केलं आहे.

"आणि बायका?" बाबांनी विचारलं.

बायका नव्हत्या. अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांच्या खटपटीने न्यूयॉर्कमध्ये बायकांसाठी कॅम्प टेरा आणि पाठोपाठ आणखी काही शिबिरं निघाली, पण ती वेगळी योजना, आणि तिथे गेलेल्या बायका साडेआठ हजारांच्या आसपास. सीसीसीतली पोरं तीस लाखांच्या घरात.

बाबांना हे पटेना. बहात्तरला त्यांच्या मस्टरवर निम्म्याहून जास्त नावं बायकांची असायची. तान्ही पोरं झाडाच्या सावलीत झोळीत, आणि त्या खडी फोडायला. दुपारी सुकडी वाटायची, ती अर्धी पदराला बांधून घरी न्यायच्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला पुढे १९७७ मध्ये आपल्याकडे कायद्याचं रूप मिळालं, आणि त्यात मागेल त्याला काम हा हक्क होता. सीसीसी हा हक्क नव्हता. जागा ठरलेल्या, निवड सरकारची. पण सीसीसीकडे एक गोष्ट होती, ती आपल्या दुष्काळी कामांवर नव्हती, असं बाबाच म्हणाले. संध्याकाळची शाळा. छावणीत वाचनालय, शिक्षणाचा सल्लागार, टायपिंगपासून वेल्डिंगपर्यंत वर्ग. हजारो पोरं छावणीतच पहिल्यांदा अक्षरं गिरवायला शिकली.

"आम्ही अंगठे घेतले आणि पैसे दिले," बाबा म्हणाले. "पाटी कधी दिली नाही."

संध्याकाळी डोंगर उतरून आम्ही दक्षिणेकडे क्लिफ्टन फोर्जच्या बाजूला निघालो. हायवेवर ट्रकची गर्दी, सांगण्यासारखं काही नाही.

सोमवार : डाउथॅट स्टेट पार्क

व्हर्जिनियाने १५ जून १९३६ या एकाच दिवशी सहा राज्य उद्यानं उघडली. सहाही सीसीसीने घडवलेली. त्यातलं डाउथॅट अलेगनीच्या डोंगरांत आहे, आणि सीसीसीचं काम एका जागी, दाटीने बघायचं असेल तर मी याच जागेचं नाव घेईन. ओंडक्यांच्या केबिन, दगडी धुराडी, छावणीतल्या भट्टीवर ठोकून घडवलेल्या बिजागऱ्या आणि कड्या. आजही त्या केबिनमध्ये लोक राहतात.

मधोमध पन्नास एकरांचा तलाव आहे. बाबा थेट बांधावर गेले. मातीचा बांध, एका अंगाला सांडवा. बांधाच्या उतारावर एकही मोठं झाड नाही हे त्यांनी आधी पाहिलं, कारण मुळं बांधात शिरली की पाणी त्याच वाटेने झिरपतं. मग सांडव्याच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी निनादला तासभर शिकवलं : पूर आला तर पाणी कुठून जाईल, कुठे आपटेल, आणि आपटेल तिथे दगड का हवेत. निनादचं सॉफ्टवेअरमधलं डोकं. पण तो वहीच घेऊन बसला.

पार्कच्या कार्यालयात एका कर्मचारी बाईंशी बोलणं झालं. बाबांनी विचारलं, आणि मी भाषांतर केलं, की ही योजना शेवटी का थांबली? १९३५ मध्ये छावण्यांत पाच लाख पोरं होती. नंतर कारखाने पुन्हा सुरू झाले, युद्धाची तयारी लागली, भरतीला येणारे घटले. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर काँग्रेसने पैसा द्यायचं नाकारलं आणि ३० जून १९४२ ला कारभार आटोपला. पोरं मोठ्या संख्येने सैन्यात गेली. छावणीत राहायची, रांगेत उभं राहायची, यंत्र चालवायची सवय असलेली ही फौज लष्कराला आयतीच मिळाली. शेनंडोआमधली एक छावणी मग युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकाने नकार देणाऱ्यांना राहायला दिली. त्यांनीही रस्ते राखले, वणवे विझवले.

"मस्टर आहेत का त्यांचे?" बाबांनी विचारलं.

आहेत. सेंट लुइसला राष्ट्रीय अभिलेखागारात सीसीसीच्या पोरांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत, आणि अर्ज करून त्या मागवता येतात. नाव, वय, कुठल्या छावणीत किती दिवस, कामाचा प्रकार, आणि महिन्याचे पैसे घरी कोणाच्या नावे जात होते तेही. बाई म्हणाल्या, नातवंडं अजून चौकशी करत येतात, आजोबांनी यातलं नक्की काय बांधलं ते बघायला. त्यांना केबिनपर्यंत चालत नेऊन दाखवणं हा त्यांच्या कामाचा सगळ्यात आवडता भाग आहे.

बाबांनी आटपाडीच्या मस्टरांचं पुढे काय झालं ते मला गाडीत सांगितलं. खात्याचं कार्यालय दोनदा हललं, गठ्ठे एका शेडमध्ये होते, तिथून पुढे कोणालाच ठाऊक नाही. पण बांध कोणत्या नाल्यावर आहेत ते त्यांना अजून पाठ आहे. परत गेल्यावर त्या त्या गावात जाऊन, कामावर असलेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांची नावं लिहून आणायची, असं त्यांनी हायवे ८१ वर असतानाच ठरवलं, आणि निनादच्या वहीत गावांची यादी करायला घेतली.